गोधडीची किनार: साडीचे काठ की त्रिकोणांची पट्टी?

गोधडीचा मधला भाग जोडून झाला की किनारीचा प्रश्न येतोच. जुन्या साडीचे काठ तसेच चहूबाजूंनी फिरवायचे, की उरलेल्या तुकड्यांचे त्रिकोण जोडून पट्टी करायची? ठाण्यातल्या आमच्या घरात दोन्ही किनारींच्या गोधड्या रोज अंगावर घेतल्या जातात. त्यामुळे एकीला सरसकट नावं ठेवणं मला जमणार नाही. कल मात्र आहे.

काठांचं पारडं पहिल्यांदा जडच वाटतं. साडेपाच मीटरच्या साडीला दोन काठ, म्हणजे 11 मीटर पट्टी आयती हातात. 60 बाय 88 इंचांच्या एकेरी गोधडीचा घेर साधारण साडेसात मीटर भरतो. नऊवारी असेल तर एकाच काठात सगळा घेर होतो, मध्ये सांधा नाही. बाहेरची कड विणीतच बांधलेली, त्यामुळे ती उसवत नाही. नक्षी विणकराने आधीच करून ठेवलीय, आपण फक्त कोपऱ्यांवर 45 अंशांत दुमड घालायची. तिथे नक्षी मधेच तुटते, पण त्याचं कुणाला काही वाटत नाही. त्यातून काठ आजीच्या इरकलीचा असेल तर वाद घालायला जागाच उरत नाही.

माझं घोडं अडलं ते लाटांपाशी. गोधडीवर जितका दाट धावदोरा घालाल तितकी ती आतून आकसते. मधल्या सुती भागात सुई सरसर जाते, टाके बारीक पडतात. जरीच्या काठात तेच टाके घालायला गेलं की सुई अडते, जरीची तार ओढली जाते आणि नक्षीवर ओरखडा उठल्यासारखा दिसतो. मग आपण काय करतो, काठावर दोनच ओळी घालून मोकळे होतो. मधला भाग आकसलेला, काठ होता तेवढाच. गोधडी जमिनीवर पसरली की कडेने परकराच्या घेरासारखी वर-खाली होते. घडी घालताना काठ बाहेर डोकावतो तो वेगळाच. यावर जाणकार सांगतात की माप गोधडीच्या कडेने न घेता मधून घ्यावं आणि काठ तेवढाच कापावा. मी तसंच करतो. शिवताना किनार सपाट बसते, धावदोरा पुरा झाला की लाटा परत हजर. तुमचा हात माझ्यापेक्षा हलका असेल तर कदाचित हा त्रास होणारही नाही.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवताना कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत येतात आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची ‘फुला’ बसवतात. कड आधी पक्की, मग मधला भाग. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. पण तिथेही कडेला सुई जाईल असंच कापड लागतं.

त्रिकोणांचं काम किचकट, यात शंका नाही. वरच्या मापाच्या गोधडीला शिवून झाल्यावर 2 इंच भरणारे चौकोन धरले तर कोपऱ्यांसकट 144 लागतात. प्रत्येकात एक गडद आणि एक फिका त्रिकोण. त्रिकोण सुटे कापून जोडू नका. तिरकी कड उरेब, म्हणजे विणीला आडवी-तिरपी कापलेली असते, हातात धरताच ताणते. त्यापेक्षा 2⅞ इंचाचा एक गडद आणि एक फिका चौकोन एकमेकांवर ठेवा, कर्णरेषा आखा, तिच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिलाई मारा आणि मग रेषेवर कापा. एका जोडीतून दोन तयार चौकोन मिळतात. शिलाई गडद बाजूला दाबून इस्त्री करा, नाहीतर फिक्या कापडातून ती डोकावते. बाजूचे चौकोन सम संख्येत ठेवले तर मधोमध त्रिकोणांची दिशा फिरवता येते आणि चारही कोपरे सारखे दिसतात. म्हणूनच मी लांबी 90 ऐवजी 88 इंच धरतो.

एवढा खटाटोप करून मिळतं काय, तर मधल्या भागाइतकाच दाट धावदोरा पार कडेपर्यंत जातो. सांध्यांवर सुई थोडी अडते, पण किनार मधल्या भागाबरोबरच आकसते आणि लाट येत नाही.

लग्नात द्यायला किंवा भिंतीवर लावायला गोधडी हवी असेल तर काठच घ्या, एका संध्याकाळचं काम आहे आणि देखणं दिसतं. रोज अंगावर घेऊन वरचेवर धुवायची असेल तर मी त्रिकोणांच्या बाजूने. काठाचा मोह सुटत नसेल तर बिनजरीचा सुती काठ निवडून त्याचेच चौकोन गडद बाजूला वापरता येतात. मात्र काठ निदान तीन इंच रुंद हवा. आणि अस्तरासाठी जांभळी नाक्यावरून आणलेलं मांजरपाट कापण्याआधी रात्रभर भिजत घाला, ते चांगलंच आटतं.