दोन फुटी टाकीवर दिवा कोणता? बल्ब, पट्टी, फ्लड की ‘झाडांचा’ लाइट

आधी माशांची टाकी ठरवू, म्हणजे हिशोब हवेत राहणार नाही. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच. काठोकाठ भरली तर ५४ लिटर. खाली वाळू, मध्ये दगड-लाकूड आणि वर दोन बोटं जागा सोडली की पाणी उरतं पंचेचाळीस लिटरच्या आसपास. बेळगावात, खानापुरात, निपाणीत नवा छंद लागलेल्यांच्या घरी बहुतेक हीच टाकी दिसते. आत गप्पी, टेट्रा असले मासे आणि पाण्यातलं झाड म्हणून एखादा शेंडा तुटलेला व्हॅलिसनेरिया. आणि प्रश्न ठरलेला: “लाइट कुठला घेऊ ओ?”

मी उलटं विचारतो, झाडं कुठली लावणार? अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरीन असली झाडं मुळात कमी उजेडावर भागवणारी. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांतच वाढतात, काठावरच्या झाडांच्या सावलीत. (म्हणून उठून भीमगडच्या जंगलात उपटायला जाऊ नका. ते अभयारण्य आहे, आणि ही झाडं दुकानात स्वस्त मिळतात.) अशा टाकीला लिटरमागे १५ ते २५ ल्युमेन (उजेडाचं माप, पाकिटावर लिहिलेलं असतं) पुरतात. म्हणजे आपल्या टाकीला हजारभर. चाळीसच्या वर गेलात की झाडांसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर आणि नियमित खत लागतं, नाहीतर उजेड झाडांऐवजी शेवाळ खातं. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्यांचं माप आहे, झाडांचं नव्हे, हे खरं; पण पांढऱ्या एलईडीची एकमेकांशी तुलना करायला ते चालतं.

आता हजारभर ल्युमेन सगळ्यात स्वस्तात कुठून येतात? ९ वॅटच्या साध्या एलईडी बल्बातून. शंभराच्या आसपास पैसे, पिनचा होल्डर घरात पडलेलाच असतो. अडचण एवढीच की बल्ब उजेड चहूकडे उधळतो. निम्मा भिंतीला, थोडा छताला, उरला तर पाण्यात. एक फूट चौकोनी टाकी असेल तर वाकणारा टेबल लॅम्प, त्याला खोलगट टोपी, आत हा बल्ब, यापुढे दुसरं काही घेऊच नका. दोन फुटी टाकीत मात्र मध्ये झगमगाट आणि दोन्ही कोपऱ्यांत संध्याकाळ होते. बल्ब बंद झाकणाच्या आत कोंबण्याचाही मोह होतो. आतली ऊब आणि वाफ त्याच्या सर्किटला मानवत नाही, लवकर जातो.

म्हणून दोन फुटीला माझं मत पट्टीला, म्हणजे १० वॅटच्या दोन फुटी एलईडी बॅटनला. बेळगावच्या खडेबाजारातल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात दीड-दोनशे ते अडीचशेपर्यंत मिळावी. उजेड हजार ल्युमेनच्या आसपास, तोही खालच्या बाजूला आणि टाकीच्या लांबीइतका पसरलेला. रंग मागताना ६५०० केल्विन, कूल डेलाइट म्हणायचं. पिवळ्या उजेडात झाडं वाढतात, मरत नाहीत. पण पाणी चहासारखं दिसतं.

पट्टीचा दोष पाण्याशी आहे. तिची टोकं बंद नसतात. मी पहिली पट्टी सरळ टाकीच्या काठांवर आडवी टेकवली होती. आठ महिन्यांत पिना गंजल्या, एक टोक लुकलुकायला लागलं. दुसरी मी वरच्या फळीला, पाण्यापासून वीतभर उंच लावली आणि टाकीवर काच टाकली; ती अजून चालू आहे. काच मात्र आठवड्याला पुसायची. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर चढला की उजेड कमी होतो आणि आपण नवीन दिवा शोधायला लागतो. वायर बोर्डापर्यंत ताणून नेऊ नका, मध्ये खाली झोळ राहू द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगात न शिरता झोळातून खाली गळतं. टाकीत हात घालायच्या आधी बटण बंद.

फ्लडलाइटकडे लोक वळतात ते याच ओलाव्याच्या भीतीने. आयपी ६५ चा शिक्का असतो, शिंतोड्यांना तो दाद देत नाही, किंमत पट्टीच्या दुप्पट-तिप्पट. पण ३० वॅटचा फ्लड म्हणजे अडीच-तीन हजार ल्युमेन, लिटरला साठच्या आसपास! मी हौसेने फूटभर उंचीवर टांगला. तीन आठवड्यांत काचेवर हिरवी मखमल, अनुबियासच्या पानांवर ठिपक्यांची रांगोळी. वर नेला तर टाकी सुधारली, पण उजेड सगळ्या हॉलभर, आई म्हणाली, “घर हाय की लग्नाचा मांडव?” तो आता अंगणात आहे. घ्यायचाच असेल तर १० वॅटचा घ्या, खोल आणि अरुंद टाकीवर शोभतो. एकाच ठिपक्यातून उजेड येणारा मिळाला तर वाळूवर पाण्याच्या लाटा हलताना दिसतात. पट्टीखाली ती मजा नाही.

विजेचंही बघा. रोज आठ तास धरले तर १० वॅटला महिन्याला २.४ युनिट, ३० वॅटला ७.२. फरक लहान आहे, पण कर्नाटकाच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत आपल्या घराची मर्यादा जुन्या सरासरी वापरावरून बांधलेली आहे. काठावर असाल तर वरचे युनिट खिशातून जातात. महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या पाहुण्यांनी हे वाक्य सोडून द्यावं.

टाकीसोबत चिमट्याने अडकवायचे निळे-पांढरे दिवे देतात, त्यांच्यावर फार शब्द नकोत. पाकिटावर ल्युमेन लिहिलेले नसतील तर ठेवून द्या. निळ्या उजेडात मासे चमकतात, एवढंच.

राहिले चिहिरोस, वीक अ‍ॅक्वा असल्या कंपन्यांचे खास ‘झाडांचे’ लाइट. लाल, हिरवे, निळे वेगळे एलईडी असल्याने ‘रोटाला’ नावाचं लाल पानांचं झाड खरंच लाल दिसतं. पट्टीखाली तेच विटकरी वाटतं. पण किंमत हजारांत, टाकीपेक्षा जास्त, आणि सिलिंडरचा खर्च वेगळा. खाली बुटक्या झाडांचा गालिचा आणि मागे लाल झाडं हेच डोळ्यांसमोर असेल तर मधले प्रयोग न करता थेट हाच घ्या, जुना विकतानाही बरे पैसे येतात. नुसतं अनुबियास ठेवून हा लावणं म्हणजे पैसे वर टांगून ठेवणं.

खिडकीचा उजेड फुकट म्हणून टाकी तिथे नेऊ नका. एप्रिलच्या उन्हात पाणी हिरवं होतं, आणि जुलैत बेळगावचं आभाळ दुपारी तीनलाच दिवे लावायला लावतं.

पट्टीतून वाचलेल्या पैशांत टायमर घ्या. पहिला महिना सहा तास, शेवाळ आलं नाही तर आठ. पण चकतीचा टायमर घेऊ नका. पावसात खानापूरकडे दोन तास वीज गेली की चकतीही दोन तास थांबते, आणि आठवड्यात तुमच्या माशांची सकाळ दुपारी उजाडते. आतल्या बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल थोडा महाग पडतो, पण तोच घ्या.