आठ महिने ग्रॅव्हल सायकलवर: तांबडी माती, काळी माती आणि टायरमधली हवा

सप्टेंबरात गणपती बोळवले आणि चार दिवसांनी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटांवरही चालणारी रुंद टायरची सायकल, घरी आली. आता मे संपत आलाय, मीटरवर 3,140 किलोमीटर दिसतात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लाखाच्या थोडं वर गेलं की सगळ्यांचा माल जवळपास सारखाच असतो: अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), शिमानो कंपनीच्या जीआरएक्स संचाचे मागे 10 गिअर, केबलवरचे डिस्क ब्रेक, 40 मिलिमीटरचे टायर. वजन साडेदहा किलो. घरी किंमत अजून खरी सांगितलेली नाही.

आधी चार वर्षं हायब्रिड, म्हणजे मुख्यतः डांबरी रस्त्याची सायकल होती. उचगावच्या पुढं डांबर संपलं की मी परत फिरायचो. आमच्या बेळगाव-खानापूर भागात खरी मजा तिथंच सुरू होते: पाणंदी, गाडीवाटा, मुरूम टाकून सोडून दिलेले रस्ते. त्यांच्यासाठी ही घेतली.

पहिल्या दिवशी पस्तावलो. दुकानदारानं टायरमध्ये 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठासली होती. बेळगुंदीवरून राकसकोपला जाताना मनगटं बधिर झाली, पाण्याची बाटली दोनदा उडून पडली. हायब्रिड काय वाईट होती, असं वाटलं. मग घरी बसून दर फेरीला दोन-दोन पीएसआय कमी करत गेलो. माझं वजन 74 किलो. पुढं 34 आणि मागं 38 वर गाडी जमली. तोच रस्ता, तेच खड्डे, पण आता चाक दगडावरून उड्या मारत नाही, दगड टायरमध्ये दबतो. नवीन घेणाऱ्यानं गिअरच्या चर्चा करण्याआधी दीड हजाराचा प्रेशर गेज असलेला चांगला पंप घ्यावा. मी तो दोन महिने उशिरा घेतला.

राकसकोपचा रस्ता मात्र अजून माझा आवडता. नवरात्राच्या आसपास गेलात तर दोन्ही बाजूला रताळ्याची काढणी चालू असते, पोती भरून बांधावर ठेवलेली. तांबडी माती, खाली जांभा, त्यामुळं पाऊस थांबल्यावर तासाभरात वाट चालवण्यासारखी होते. पाणी मुरतं, चिखल राहिला तरी पातळ असतो. ज्या धरणावर आपण थांबतो तेच पाणी शहरात नळाला येतं, मार्कंडेय नदीचं. बांधाजवळ एक आजोबा म्हशी घेऊन असतात. पहिल्यांदा विचारलं, "कुठनं आलासा?" मग टायर दाबून बघितला आणि म्हणाले, "हवा कमी हाय की ओ." साठ पीएसआयवाल्या दुकानदारानं यांच्याकडून काही शिकू नये, एवढंच म्हणतो.

हीच मार्कंडेय कंग्राळी-काकतीकडून पूर्वेला जाते, गोडचिनमलकीला धबधबा होऊन पडते आणि पुढं गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. नोव्हेंबरात ठरवलं, नदीचं दुसरं टोक बघू. तिकडं सायकलीची खरी परीक्षा झाली. एक तर बाभळीचे काटे. एका दिवसात चार पंक्चर, ट्यूब दोनच होत्या, तिसऱ्यापासून ठिगळं लावत बसलो. दुसरं म्हणजे उसाचा हंगाम सुरू झालेला. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, गाणी मात्र फुल्ल. त्यांच्या चाकोऱ्या वाळून विटेसारख्या कडक झाल्या होत्या. पुढचं चाक एकदा त्यात अडकलं की बाहेर काढायला जाऊ नये, चाकोरी नेईल तिकडं निमूट जावं. धबधबा छान होता. तो बघायला मी मोटारीनं परत जाईन.

परत आल्यावर टायर ट्यूबलेस करून घेतले. प्रत्येक टायरमध्ये 60 मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव. त्यानंतर आजपर्यंत एकही पंक्चर नाही, काटे उपटताना फक्त फुस्स होतं आणि बंद पडतं. पण आपल्या उन्हात सीलंट वाळतं. फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये परत घालावं लागलं. हा खर्च कुणी आधी सांगत नाही.

काळ्या मातीचा धडा मात्र त्याआधीच मिळाला होता. ऑक्टोबरात बैलहोंगलच्या बाजूला एका मित्राच्या शेतावर निघालो, आदल्या रात्री परतीचा पाऊस झालेला. डांबर सोडून तीनशे मीटर गेलो नसेन, चाकं फिरायची बंद झाली. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला थर धरत जाते. फोर्क आणि टायर यांच्यातली फट आधी भरली, मग ब्रेकपाशी. काडीनं खरवडायचं, दहा पावलं ढकलायचं, परत खरवडायचं. शेवटी सायकल खांद्यावर. साडेदहा किलोची सायकल त्या दिवशी पंधराची तरी झाली असेल. बांधावरनं एक जण कन्नडमध्ये ओरडला, "एष्टु री?" म्हणजे कितीला हो? मी किंमत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. म्हणून माझा नियम: पूर्वेला पाऊस झाला की तीन दिवस जायचं नाही. पश्चिमेला दुपारी पाऊस पडला तरी संध्याकाळी निघतो.

लोक विचारतात चोर्ला घाटाचं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, धुकं, फोटो, सगळं खरं आहे. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे, तिथं थोडा वेळ बसावंही. पण तो गोव्याचा हमरस्ता आहे. ट्रक अंगावर येतात, आणि त्या खड्ड्यांसाठी ग्रॅव्हल सायकल घ्यायची म्हणजे बोहारणीला पैठणी देणं. आजूबाजूचं जंगल भीमगड अभयारण्यात येतं, 2011 पासून. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरू नका. कुणी 'आतली वाट माहिती आहे' म्हणालं तरी नको. जांबोटीच्या अलीकडं सकाळी साडेसहाला रस्त्यात गवा उभा होता. मी वीस मिनिटं मोरीवर बसून त्याची वाट बघितली. अस्वलांचा भाग आहे, संध्याकाळ करू नये.

त्यापेक्षा मलप्रभा खाली खानापुरात भेटते ती बघा. खानापूर, असोगा, मग नंदगड आणि हलशी. ह्या सायकलीवर मी सगळ्यात जास्त वेळा केलेली फेरी हीच. असोग्याला डिसेंबरनंतर नदीतले खडक उघडे पडतात, पाणी त्यांच्यामधून वाट काढतं, देवळाची घंटा आणि अधूनमधून रेल्वेचा आवाज. नंदगडला 1831 मध्ये इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णांना फाशी दिलं, तिथं गाडीवरून उतरून चालत जातो. हलशी कदंबांची राजधानी होती. भूवराह नरसिंहाच्या देवळात दुपारी बारालाही फरशी गार असते. मधल्या चढ-उतारांना पुढचा 30 आणि मागचा 34 दात्यांचा गिअर पुरतो. राजहंसगडाच्या शेवटच्या चढाला पुरत नाही, निदान मला. 2023 मध्ये गडावर महाराजांचा पुतळा झाल्यापासून रविवारी गर्दी असते, त्यामुळं ढकलत नेताना बघणारेही भरपूर मिळतात.

आता तक्रारी. ब्रेकचे मूळ पॅड रेझिनचे होते. ओल्या तांबड्या मातीत बारीक खर असते, ती सँडपेपरसारखं काम करते. पहिल्या चार ओल्या फेऱ्यांत पॅड संपले. धातूचे लावले, आवाज करतात, टिकतात. चेनला तेल घातलं की कोरड्या दिवसांत धूळ बसून काळं वाटण होतं, म्हणून मेणाचं वंगण वापरतो. आणि एक मोठी चूक माझीच: जानेवारीत फरशी पुलावर शेवाळावरून घसरलो, मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकला. तळहाताएवढाही नसलेला तो तुकडा गावात कुठंच मिळाला नाही. जिथनं सायकल घेतली त्यांनी "उद्या येतोय" असं सांगत 19 दिवस काढले. आता सुटा हँगर सीटखालच्या पिशवीतच असतो. सायकल घेतानाच एक जादा मागून घ्या.

पावसाळ्याआधी टायर बदलायचेत. मन 45 मिलिमीटरवर आहे. पुढं आरामात बसतो. मागं बसवून बघितला, चेनच्या बाजूला चार मिलिमीटर फट उरते. राकसकोपला चालेल. बैलहोंगलच्या मातीला ती पाच मिनिटांत भरून टाकायला येते, म्हणून मागं परत 40 च.