जोग्जाकडचं खेडं की बालीतलं? घर, जमीन आणि सुरक्षिततेचा ताळा

इंडोनेशियाच्या खेड्यात राहायला जायचं ठरवणाऱ्याच्या यादीत शेवटी बहुधा दोनच भाग उरतात. एक जावातला, जोग्जाकार्ता शहराभोवतीचा, म्हणजे उत्तरेला स्लेमान आणि दक्षिणेला बांतुल. दुसरा बालीतला, ताबानानसारखा भातखाचरांचा. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. फरक आहे तो गाव तुमच्याकडून काय मागतं यात आणि पायाखालची जमीन कशी आहे यात. घराचं भाडं किंवा इंटरनेटचा वेग यावर निवड करणारे हे दोन्ही प्रश्न नंतर शिकतात, आणि महागात शिकतात.

जमिनीचा कायदा दोन्हीकडे एकच

1960 च्या 5 क्रमांकाच्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. कलम 26 त्याहून कडक आहे. परदेशी माणसाला थेट किंवा आडमार्गाने मालकी देणारा व्यवहार रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. तरीही गावातल्या ओळखीच्या माणसाच्या नावावर जमीन घेऊन सोबत कर्जाचा करार आणि कुलमुखत्यारपत्र करून ठेवायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. ती जोडकागदं तुम्हाला वाचवत नाहीत, उलट पळवाट काढायचा हेतू होता याचा पुरावा तीच ठरतात. नाव लावलेला माणूस वारला की वारसांना तुमच्या तोंडी समजुतीशी काही देणंघेणं नसतं.

कायदेशीर वाटा दोन. पहिली ‘हाक पाकाइ’, वापराचा नोंदणीकृत हक्क: 30 वर्षं, वाढ 20, नूतनीकरण 30. त्यासाठी इमिग्रेशनची वैध कागदपत्रं लागतात आणि घराची किंमत प्रांतनिहाय ठरवलेल्या किमान रकमेच्या वर असावी लागते. खेड्यातलं साधं घर सहसा इथेच अडतं. दुसरी ‘सेवा’, म्हणजे नोटरीपुढे केलेला भाडेपट्टा. गावात खरं चलन हिचंच.

जोडीदार इंडोनेशियाचा असेल तर प्रश्न वेगळा. मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नसेल तर लग्नानंतर घेतलेली जमीन सामाईक धरली जाते, आणि मग त्या जोडीदारालाही हाक मिलिक टिकवणं अवघड होतं. हा करार पूर्वी लग्नाआधीच करावा लागे. 2016 च्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर तो लग्नानंतरही करता येतो.

बालीत: आरावर भाव, पैसे आधी

बालीत जमीन ‘आर’मध्ये मोजतात. सातबाऱ्यावरचा आर तोच, 100 चौरस मीटर, आपल्या गुंठ्याहून किंचित लहान. भाव सांगतात तो एका आराचा, एका वर्षाचा. म्हणजे 4 आर 25 वर्षांसाठी घेतले तर सांगितलेल्या भावाला 100 ने गुणायचं, आणि ती रक्कम बहुतेक वेळा एकरकमी द्यायची. भाव कानाला स्वस्त लागतो तो यामुळेच.

पट्ट्यात घोळ ठरलेल्या जागीच होतात. ‘मुदतवाढीचा हक्क राहील’ एवढंच लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. वाढीचा भाव कसा काढायचा (सोन्याच्या भावाशी जोडून, की दोन मूल्यांककांच्या सरासरीने) हे सूत्रच करारात हवं. भाड्यावरचा 10 टक्के कर मालकाचा असतो, पण ‘निव्वळ भाव’ म्हणत तो तुमच्या गळ्यात मारतात, तेव्हा तो कोण भरणार आणि पावती कोणाकडे राहणार हेही लिहून घ्या. वारसाहक्काची जमीन असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. भावकी इथेही आपल्यासारखीच आहे, एक भाऊ सुराबायाला असतो आणि त्याला कोणी विचारलेलंच नसतं. करार इंडोनेशियन भाषेत असणं कायद्याने बंधनकारक आहे, भाषांतर फक्त जोडीला. जमीन पुढे विकली गेली तरी चालू भाडेपट्टा मोडत नाही, हे दिवाणी संहितेतलं कलम 1576 तुमच्या बाजूचं. पण पट्टा जमीन कार्यालयात नोंदला जात नसल्याने नोटरीकडची मूळ प्रत हाच तुमचा आधार.

पैसे देण्याआधी नोटरीमार्फत जमीन कार्यालयात प्रमाणपत्राची तपासणी करून घ्या. जमीन बँकेकडे गहाण असेल तर ती नोंद तिथेच दिसते. मग विभाग नकाशा, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय करता येतं याचा नकाशा, पाहा. संरक्षित भातजमिनीवर बांधकाम परवाना मिळत नाही, शेजारी चार बंगले उभे असले तरी. देसा आदातची, म्हणजे परंपरागत गावाची सामाईक जमीन वैयक्तिक म्हणून दाखवली जात नाही ना, हे गावप्रमुखाला विचारा. आणि वाट. रस्ता ते प्लॉट ही पायवाट कोणाच्या प्रमाणपत्रात आहे? ती जर सुबाकच्या, म्हणजे पाणीवाटप मंडळाच्या पाटाच्या काठाची असेल, तर बांधकामाचा ट्रक तिच्यावरून कधीच येणार नाही.

जोग्जात: वर्षाचं ‘कोंत्राक’

इथे गावातलं घर वर्षाच्या बोलीवर मिळतं आणि वर्षाचे पैसे आधी द्यायचे असतात. लांब पट्टे कमी, त्यामुळे अडकणारी रक्कमही कमी. दीर्घ पट्टा घ्यायचाच असेल तर धोका बालीपेक्षा वेगळा आहे. या प्रांतात सुलतानाच्या घराण्याच्या जमिनी आहेत, तशाच ‘तानाह कास देसा’, गावाच्या उत्पन्नासाठी राखलेल्या जमिनीही आहेत. त्या विकता येत नाहीत आणि परवानगीशिवाय त्यांच्यावर घरं बांधता येत नाहीत. 2023 मध्ये स्लेमानमध्ये अशा जमिनींवर उभ्या राहिलेल्या वसाहतींना प्रशासनाने टाळं ठोकलं. आत पैसे गुंतवलेले लोक बाहेर राहिले.

दुसरी गोष्ट ‘गिरिक’. हा करभरणीचा जुना कागद. आपल्याकडे सातबारा हा महसुली उतारा असूनही लोक त्याला मालकीहक्क समजतात, तशीच गत याची. 2021 च्या नियमांनी गिरिकवाल्या जमिनींची नोंदणी करायला 5 वर्षं दिली होती, ती 2 फेब्रुवारी 2026 ला संपली. आता गिरिक हा मालकीचा पुरावा राहिलेला नाही, नोंदणी करताना दाखवायचा दुवा फक्त. गिरिक दाखवून कोणी दीर्घ पट्टा देत असेल तर आधी त्याला प्रमाणपत्र काढू द्या.

भारतातून पैसे पाठवणाऱ्यांसाठी एक आठवण. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका आर्थिक वर्षात माणशी 2,50,000 डॉलरची मर्यादा आहे, आणि 5 वर्षांपेक्षा लांब मुदतीचा पट्टा परदेशी स्थावर मालमत्तेच्या नियमांत येतो. बँकेत हेतू भरताना ‘प्रवास’ लिहून मोकळं होऊ नका.

गाव राखतं कसं

दोन्हीकडे पोलीस चौकी लांब असते आणि राखण गावच करतं. पण पद्धत वेगळी.

जावात घरोघरच्या पुरुषांची रात्रीची गस्त असते, ‘रोंडा’. आठवड्यातून एक पाळी, चुकली तर दंड. फिरताना प्रत्येक दारात टांगलेल्या पेल्यातून चिमूटभर तांदूळ किंवा नाणी गोळा करतात, ते ‘जिंपितान’. पैसा नगण्य असतो, पण पेला रोज रिकामा दिसला की घरात कोणी नाही हे गस्तीला कळतं. खरी उपयुक्तता तीच. लाकडी ‘कंतोंगान’ सलग, न थांबता वाजू लागलं की ‘तितिर’, म्हणजे संकट. नव्या माणसाने 24 तासांत ‘पाक एर-ते’कडे, म्हणजे शेजारगटाच्या प्रमुखाकडे, पासपोर्टची प्रत देऊन नोंद करायची. तुमच्याकडे मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यालाही हाच नियम. लग्न न झालेल्या जोडप्याने एका घरात राहणं जावाच्या खेड्यात खपत नाही. नव्या दंड संहितेत (2 जानेवारी 2026 पासून लागू) तो गुन्हाही आहे, मात्र पालक, मुलं किंवा जोडीदार यांच्याच तक्रारीवर. गाव संहितेची वाट पाहत नाही, रात्री दार ठोठावतं.

बालीत सूत्रं बंजारकडे, म्हणजे वस्तीच्या परंपरागत मंडळाकडे असतात. गस्त आणि बंदोबस्त चौकटीच्या काळ्यापांढऱ्या वस्त्रातले ‘पेचालांग’ पाहतात, इशारा देवळाजवळच्या मनोऱ्यातला लाकडी ‘कुलकुल’ देतो, आणि झपाट्याने वाजला की ‘बुलुस’, म्हणजे संकट. परका माणूस तिथे ‘तामियू’, पाहुणा. त्याने महिन्याची वर्गणी द्यायची, मत द्यायचं नाही. वर्गणीची रक्कम घर घेण्याआधी विचारा, घर बांधायला घेतल्यावर ती वाढते. न्येपीच्या, म्हणजे बालीच्या मौन नववर्षाच्या दिवशी 24 तास दिवा, वाहन, बाहेर पडणं सगळं बंद, विमानतळसुद्धा. घरात आजारी माणूस असेल तर आधीच बंजारला कळवा, रुग्णवाहिकेला सूट असते. उत्सवात रस्ता अडला किंवा पहाटेपर्यंत गामेलान वाद्यवादन चाललं, तर तक्रार करायची सोय नाही.

चोरी दोन्हीकडे मुख्यतः मोटारसायकलची होते. हँडल लॉक पुरत नाही, चाकाला वेगळं कुलूप हवं. एक इशारा: ‘मालिंग!’, म्हणजे ‘चोर!’, असं उगाच ओरडू नका. पकडलेल्या माणसाला गाव हाताने शिक्षा देतं, आणि चूक तुमची निघाली तर ती पुसता येत नाही.

जमीन हलते तेव्हा

27 मे 2006 च्या पहाटे बांतुल आणि आसपासच्या भागात 5,700 हून अधिक माणसं गेली. भूकंप फार मोठा नव्हता, 6.3 चा. मारलं ते काँक्रीटच्या पट्ट्यांशिवाय बांधलेल्या विटांच्या भिंतींनी. बालीही सुटलेली नाही, 1976 च्या भूकंपात तिथे साडेपाचशेहून अधिक बळी गेले.

म्हणून घर पाहताना रंग नंतर, सांगाडा आधी. सरकारी निकषांत पायापट्टी 15 × 20 सेंमी, दर 3 मीटरला 15 × 15 चा खांब, वर 12 × 15 ची माथापट्टी. मुख्य सळई 10 मिमी, कडी 8 मिमीची 15 सेंमीवर, आणि कडीची टोकं 135 अंशात आत वळलेली. दर 6 थरांना भिंतीतून खांबात अँकर. जुन्या घरात हे दिसत नाही, मग तिकोनी भिंत बघा: छपराखालचा विटांचा त्रिकोण चौकटीशिवाय उभा असेल तर पहिला तोच कोसळतो. त्याखाली पलंग ठेवू नका. गेदेक, म्हणजे बांबूच्या विणलेल्या भिंतीचं घर गरिबीचं मानतात, पण पडलं तरी ते जीव घेत नाही.

स्लेमानला मेरापी ज्वालामुखी आहे. 2010 च्या उद्रेकात 350 हून जास्त मृत्यू झाले आणि उष्ण राखेचा लोट गेंडोल नदीच्या पात्रातून शिखरापासून सुमारे 15 किलोमीटरपर्यंत उतरला. नोव्हेंबर 2020 पासून मेरापी इशाऱ्याच्या तिसऱ्या, ‘सियागा’ पातळीवर आहे. घर निवडताना धोकाक्षेत्राचा नकाशा पाहा. तिसरं, सर्वांत धोक्याचं क्षेत्र सोडाच, दुसऱ्यातही नदीकाठ नको. डोंगरावर पाऊस आणि गावात ऊन असतानाही पात्रातून राखमाती मिसळलेला लाहारचा पूर येतो. ताबानानचा प्रश्न वेगळा, तिथे दरीच्या कडेवरचं देखणं घर पावसाळ्यात घसरतं. आगुंग ज्वालामुखी पूर्वेला, तिथून बराच दूर.

बालीत 2008 पासून रेबीज आहे आणि गल्लीत कुत्री मोकळी फिरतात. जाण्याआधी प्रतिबंधक लस घ्या. चावलं तर 15 मिनिटं साबणपाण्याने धुऊन त्याच दिवशी पुस्केस्मास, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्र गाठा, लसीचा साठा आहे का हे आधी फोनवर विचारून. जोग्जात ही चिंता नाही. डेंग्यू दोन्हीकडे.

मग कोणी कुठे

भाषा शिकायची तयारी आहे, मुलं सोबत आहेत, खर्च आखून चालायचं आहे, तर बांतुल किंवा स्लेमानचा दक्षिण भाग, वर्षाच्या कोंत्राकवर. वीज जोडणी किमान 1,300 व्हीए आहे का पाहा, 900 वर एसी आणि पंप एकत्र चालू केले की खटका पडतो. विहीर आणि सेप्टिक टाकीत 10 मीटर अंतर हवं, शेजाऱ्याची टाकीही मोजा.

परदेशी माणसांची सवय असलेलं गाव हवं असेल, किंवा लग्नाशिवाय एकत्र राहत असाल, तर बाली सोपी. पण पट्टा घेण्याआधी त्याच बंजारमध्ये एक पूर्ण पावसाळा भाड्याने काढा. नोव्हेंबर ते मार्च. पाट कुठून फुटतो, वाट कुठे बुडते आणि मालकाचे भाऊ किती, हे तेवढ्यात समजतं.