वेणी घालणारी: एक वीतभर ब्राँझ

वीतभरच उंची, पण उचलायला दोन्ही हात लागतात. पाय दुमडून बसलेली बाई मान कलती करून वेणी घालते आहे, एवढाच विषय. शिल्पकार म्हणाल्या, एक प्रेरणा आजीची, दुसरी फ्रेंच चित्रकार-शिल्पकार एडगर देगाची. देगाने आयुष्यभर मेणात नर्तिका आणि न्हाणाऱ्या बाया घडवल्या, पण त्याच्या हयातीत प्रदर्शनात मांडलं गेलेलं शिल्प एकच, १८८१ मधली ती चौदा वर्षांची नर्तिका. ब्राँझच्या प्रती १९१७ मध्ये तो गेल्यानंतरच्या.

हे शिल्प पाठीमागून बघावं. मानेखाली अंगठ्याचा ठसा आहे, रेषांसकट. मूळ मेणात उमटलेला. ते मेण साच्यातून वितळून वाहून गेलं, साच्यात उरलेल्या पोकळीत हजार अंशांहून जास्त तापलेला धातूचा रस उतरला, आणि ठसा मात्र जसाच्या तसा राहिला! पहिल्यांदा त्यावर बोट ठेवलं तेव्हा मला भरून आलं.

डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाएवढी छिद्रं आहेत. ओततानाच धातूत वायू अडकला की अशी पडतात. विकण्याआधी ती बुजवायला हवी होती. पॅकिंगही सैल होतं, बैठकीवर चरा आलाय.

तरीही घ्याच. फक्त पितळ घासायची पावडर लावू नका, तपकिरी पॅटिना, म्हणजे धातूवरचा रंगाचा पातळ थर, निघून जाईल. मऊ फडक्याने पुसायचं, अधूनमधून मेणाचा पातळ हात द्यायचा.