गणपतीत क्विझवाले बोलावले: घेणारा पोरगा एक नंबर, प्रश्नांची फाईल मात्र शिळी

सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी तेच ते, अंताक्षरी, फॅन्सी ड्रेस, संगीत खुर्ची, म्हणून २०२५ च्या गणपतीत कमिटीने ठरवलं की जनरल नॉलेजची क्विझ ठेवू आणि तीही घरच्या कोणी न घेता बाहेरचे लोक बोलावून प्रॉपर बझर-बिझर लावून घेऊ. नागपुरात आता अशी सर्व्हिस देणारे आहेत, ऑफिसची पार्टी म्हणा, शाळेचं गॅदरिंग म्हणा, सगळीकडे जातात. आम्ही ज्यांना बोलावलं त्यांचं नाव टाकत नाही, पोरं नवीन आहेत, मेहनत करून राहिले, आणि जे गडबडलं ते सुधारण्यासारखं आहे. पण कोणाला अशी क्विझ ठेवायची असेल तर बुक करताना काय विचारायचं ते कळावं म्हणून सविस्तर लिहितो.

रेट साडेसहा हजार, दोन तासांचा कार्यक्रम, त्यात चार बझर, प्रोजेक्टर, स्पीकर, क्विझमास्टर आणि स्कोअर लिहिणारा एक जण. बक्षिसं आपली आपण आणायची. पडदा त्यांच्याकडे आहे पण छोटा आहे, आम्ही मांडवातल्या पांढऱ्या कापडावरच दाखवलं, चाललं. एक बझर अडकत होता, दाबला की वाजतच राहायचा, तो बिचारा सी विंगच्या नशिबी आला आणि शेवटी त्यांनी हात वर करूनच उत्तरं दिली.

आता मेन गोष्ट. क्विझमास्टर खरंच चांगला होता. पंचवीस-सव्वीसचा असेल, मराठीत बोलत होता, मध्येच नागपुरीत घसरत होता, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नुसतं "बरोबर, दहा मार्क, पुढचा प्रश्न" असं नव्हतं त्याचं, उत्तर आलं की त्याच्या मागचं कारण सांगायचा. लहान पोरांचा राउंड होता त्यात प्रश्न आला, माणसाच्या अंगात हाडं किती. २०६, हे तर पाचवीतल्या पोरालाही पाठ असतं. पण मग त्याने विचारलं, आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगात? सगळे गप. एक आजी म्हणाल्या बाळाची हाडं लहान असतात पण तेवढीच असतील ना. तर नाही, बाळाची जास्त असतात, तीनशेच्या आसपास, कवटीची, पाठीच्या शेवटच्या मणक्यांची अशी वेगवेगळी असलेली हाडं वाढता वाढता एकमेकांना जुळतात आणि मग आकडा कमी होतो. आजींनी लगेच मांडीवरच्या नातवाची टाळू चाचपून बघितली. एका साध्या घोकलेल्या प्रश्नाचं असं काही केलं की मजा येते, नाहीतर २०६ ऐकायला कोणी साडेसहा हजार देत नाही.

सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला तो व्हिटॅमिन सी च्या प्रश्नाला. ऑप्शन होते संत्रा, पेरू, केळं, सफरचंद, यातलं सगळ्यात जास्त कशात. नागपुरात विचारल्यावर काय होणार, चारही टीम संत्रा. उत्तर पेरू. "काहून बे, संत्र्याच्या गावात येऊन पेरू सांगतो का" असं मागून कोणीतरी ओरडलं आणि पूर्ण मांडव हसायला लागला. पण पोरगा डगमगला नाही, म्हणाला काका, शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर असतं, संत्र्यात पन्नासच्या आसपास, आणि आपला नागपुरी संत्रा तर मँडरिन जातीचा, त्याच्यात त्याहूनही कमी, आवळा तर मी ऑप्शनमध्येच घेतला नाही, तो पेरूच्याही पुढे आहे. मग माहोल बिघडू नये म्हणून लगेच पुढचा प्रश्न टाकला, विमानातला ब्लॅक बॉक्स कोणत्या रंगाचा असतो, तर नारिंगी, अपघातानंतर ढिगाऱ्यात पटकन दिसावा म्हणून. संत्र्याची थोडी इज्जत परत आली.

चित्रांच्या राउंडमधला एक प्रश्न तर मी अजून लोकांना विचारून राहिलो. पडद्यावर तीन फोटो, राणी व्हिक्टोरिया, जमशेटजी टाटा आणि कापसाची बोंडं, खाली तारीख १ जानेवारी १८७७, सांगा कनेक्शन काय. उत्तर एम्प्रेस मिल. त्या दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं आणि त्याच दिवशी नागपुरात टाटांची गिरणी सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस. आणि जमशेटजींनी गिरणी मुंबईत न काढता इथे का काढली तर कापूस इथेच पिकतो, आणि रेल्वे आली होतीच. आज तिथे मॉल आहे, आपण तिथे पार्किंगसाठी भांडतो, पण नाव कुठून आलं हे आमच्या मांडवातल्या अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं. असे प्रश्न दहा असते तरी मी पैसे वसूल म्हटलं असतं.

गांधीजींचाही चांगला होता. डिसेंबर १९२० ला नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन झालं, असहकाराच्या ठरावावर इथेच शिक्कामोर्तब झालं, तर अध्यक्ष कोण होते? सगळे म्हणाले गांधीजी. नाही, सी. विजयराघवाचारियर. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष फक्त एकदाच झाले, १९२४ ला, बेळगावला. हे ऐकून आमच्या कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, पदावर न राहता काम होते म्हणजे. त्यांचा इशारा कोणाकडे होता ते सोसायटीवाल्यांना कळलं.

आता प्रॉब्लेम. प्रश्नांची फाईल जुनी, म्हणजे थोडी नाही, चांगली दहा-बारा वर्षं जुनी काही पानं त्यात असावीत. महाराष्ट्रात जिल्हे किती? शीटवर ३५. अरे बाबा, पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला, ३६ आहेत, तेव्हा जन्मलेली पोरं आता समोर बसून बझर दाबून राहिली. राष्ट्रीय खेळ कोणता? शीटवर हॉकी. इंजिनिअरिंगच्या एका पोराने सांगितलं की २०१२ लाच माहितीच्या अधिकारात सरकारने कळवलं आहे की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. सगळ्यात जास्त चंद्र कोणत्या ग्रहाला, शीटवर गुरू. सातवीतली एक पोरगी उभी राहिली आणि म्हणाली शनी, २७४, मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नवीन चंद्रांना मान्यता मिळाली. तिच्या आईचा चेहरा बघण्यासारखा होता.

हे तरी चालून गेलं, पण दोन प्रश्न असे आले की मांडवच पेटला. पहिला, बुद्धिबळातला ग्रँडमास्टर किताब मिळवलेल्या भारतीय महिला किती. शीटवर तीन, हंपी, हरिका, वैशाली. अबे, जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिला वर्ल्ड कप जिंकला, फायनलमध्ये कोनेरू हंपीलाच हरवून, आणि त्यानेच थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी. महिना झाला फक्त, पेपर भरभरून आले होते, आणि नागपुरात बसून तुम्ही तीन म्हणून राहिले? दुसरा, विदर्भाने रणजी ट्रॉफी किती वेळा जिंकली. शीटवर दोन. २०१७-१८, २०१८-१९ आणि मग २०२४-२५, केरळविरुद्ध, मॅच ड्रॉ झाली आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर ट्रॉफी आपली, तीही इथे जामठ्याला. मांडवात निम्मे लोक ती फायनल बघायला गेलेले होते, त्यांना तुम्ही दोन सांगणार?

पोराची एक गोष्ट मात्र मानली पाहिजे, तो वाद घालत बसला नाही. बाकीचे क्विझवाले असतात ना, "शीटवर जे आहे तेच फायनल", तसं अजिबात नाही. मोबाईलवर तिथल्या तिथे चेक केलं, बरोबर सांगणाऱ्या टीमला मार्क दिले, आणि माईकवर म्हणाला ही फाईल आम्ही विकत घेतलेली आहे, आज घरी जाऊन दुरुस्त करतो. त्यामुळे मांडवाचा सूर बदलला आणि मग लोकांनाही शीटची उत्तरं पकडण्याचाच नाद लागला, तो एक वेगळाच गेम सुरू झाला.

त्यातच रेल्वेतून रिटायर झालेले काका पेटले. प्रश्न होता भारतातली पहिली रेल्वे कधी धावली. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, सगळ्यांना माहीत. काका म्हणाले "पहिली पॅसेंजर गाडी म्हणा जी, पहिली रेल्वे नका म्हणू," मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहायची रेल्वे १८३७ लाच होती. क्विझमास्टरने दोन्ही मान्य केलं, पण काका थांबतात का, नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ ला आली इथपर्यंत त्यांनी माईक सोडला नाही. प्रश्न नीट लिहिलेला नसला की असं होतं, एक शब्द कमी पडला आणि दहा मिनिटं गेली. पण खरं सांगू का, ती दहा मिनिटं बोअर नव्हती.

झिरो माईलचा प्रश्न येणार हे तर ठरलेलंच. भारताचा मध्यबिंदू कुठे, उत्तर झिरो माईल, नागपूर, टाळ्या. इथे मात्र मीच हात वर केला. देशाच्या सेंटरचा दावा मध्य प्रदेशातल्या गावांचाही आहे, आणि आपल्याकडे जो खांब आहे, घोडेवाला, तो इंग्रजांच्या सर्व्हेचा. खांबाजवळचा जीटीएसचा दगड १९०७ चा, जीटीएस म्हणजे ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे, त्रिकोण मोजत मोजत पूर्ण देश मापायचं काम. हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा अशा गावांची अंतरं तिथे कोरलेली आहेत, सिव्हिल लाईन्समधून जाताना कोणी थांबून वाचत नाही ती गोष्ट वेगळी. मला वाटलं लोक चिडतील, पण उलट हिंगणघाट माहेर असलेल्या एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, तो सर्व्हे सुरू करणारा साहेब आमच्या हिंगणघाटलाच वारला, तिथे त्याची कबर आहे. अगदी बरोबर, विल्यम लॅम्टन, १८०२ ला मद्रासकडून काम सुरू केलं आणि १८२३ ला नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारला. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने काम हातात घेतलं, ज्याच्या नावाने शिखर आहे तोच, आणि १८५२ ला राधानाथ सिकदर यांनी गणित करून काढलं की जगातलं सगळ्यात उंच शिखर हेच.

आणि गंमत बघा, फाईलमध्ये एव्हरेस्टची उंची विचारणारा प्रश्न पुढे होताच. शीटवर ८८४८ मीटर. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ८८४८.८६ जाहीर केली आहे. हिंगणघाटपासून एव्हरेस्टपर्यंत एवढी भारी लिंक त्यांच्या स्वतःच्या फाईलमध्ये पडलेली आणि त्यांना पत्ताच नाही, दोन प्रश्न दोन वेगळ्या राउंडमध्ये सुटे सुटे. ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं, चुकीच्या आकड्यांपेक्षाही.

तर माझं मत विचाराल तर क्विझमास्टरला पाचपैकी पाच, सामानाला साडेतीन, प्रश्नांना अडीच, आणि ते अडीचही एम्प्रेस मिल आणि पेरूमुळे. तुम्ही बोलावणार असाल तर बुक करतानाच विचारा, फाईल शेवटची कधी अपडेट केली. किती, सर्वात जास्त, सर्वात उंच, सध्याचे अमुक कोण, असे जे प्रश्न असतात ते सगळे आधी मागून घ्या आणि सोसायटीतल्या एखाद्या यूपीएससी-एमपीएससी करणाऱ्या पोराला बघायला द्या, अर्ध्या तासात तो सगळं शिळं काढून टाकेल. लोकल राउंड वेगळा मागा, ते करतात, पण मागितल्याशिवाय नाही. लहान पोरं आणि मोठे एकाच टीममध्ये ठेवा, वेगळे ठेवले तर मोठे झोपतात. आणि आरतीच्या आधी ठेवू नका, आमची क्विझ दोन तासांची तीन तास चालली आणि गुरुजी ताटकळले.

जास्तीच्या तासाचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. कोजागिरीला परत त्यांनाच सांगितलं आहे, प्रश्न आठ दिवस आधी दाखवायचे या अटीवर. पाचशे कमी कर म्हटलं तर नाही म्हणाला, नवीन प्रश्न काढायला वेळ लागतो म्हणे. दिले.