ट्युलिपच्या दिवसांत मुक्काम कुठे करावा: ॲमस्टरडॅम, लायडन, हार्लेम की युट्रेख्ट?

नेदरलँड्सला वसंतात जायचे ठरले की बहुतेक जण आधी ॲमस्टरडॅममधले हॉटेल आरक्षित करतात आणि मग फुले नेमकी कुठे आहेत याचा शोध घेऊ लागतात. तीन-चार दिवसांच्या सहलीसाठी हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. आधी तारीख ठरवावी, त्या तारखेला काय फुललेले असते ते पाहावे आणि त्यावरून मुक्कामाचे शहर निवडावे. देश लहान आहे, आगगाड्या वारंवार सुटतात, त्यामुळे कुठेही राहिले तरी सगळे पाहून होते, असे सांगितले जाते आणि ते अंतरापुरते खरेही आहे. पण सकाळी आठ-साडेआठला शेताच्या कडेला उभे असणे आणि अकरा वाजता गर्दीच्या बसमधून तिथे उतरणे यांत फार मोठा फरक आहे, आणि तो फरक मुक्कामाच्या गावावरच अवलंबून असतो.

तारखेचा हिशेब असा आहे. मार्चच्या अखेरीस क्रोकस आणि डॅफोडिल यांचे दिवस असतात, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात हायसिंथ बहरतात आणि ट्युलिपच्या शेतांचा भर साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या दिवसांपर्यंत असतो. हिवाळा उबदार गेला तर हे सगळे आठवडाभर अलीकडे सरकते, लांबला तर पुढे जाते. लिस गावातले क्युकेनहॉफ हे उद्यान मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, म्हणजे वर्षातून जेमतेम आठ आठवडे उघडे असते. १९५० मध्ये ते पहिल्यांदा लोकांसाठी खुले झाले. ३२ हेक्टरांच्या या बागेत दर शरद ऋतूत सुमारे ७० लाख कंद हातांनी लावले जातात. लवकर आणि उशिरा फुलणारे कंद एकाच वाफ्यात थरांनी लावलेले असल्यामुळे एक बहर ओसरला की त्याच जागी दुसरा वर येतो, शिवाय काचेच्या दालनांतली फुले हवामानावर अवलंबून नसतात. म्हणून उद्यान कोणत्याही आठवड्यात निराश करत नाही.

शेतांचे तसे नाही. इथला शेतकरी फुलासाठी नव्हे, तर कंदासाठी पीक घेतो. फूल उमलले, रंगाची आणि रोगाची तपासणी झाली की यंत्राने फुलांची डोकी छाटून टाकली जातात, म्हणजे झाडाची सारी ताकद जमिनीखालच्या कंदाकडे वळते. काल लालभडक दिसलेला पट्टा आज निव्वळ हिरवा दिसतो, तो यामुळे. हिंदी चित्रपटांतल्या गाण्यांमुळे आपल्या मनात जे दृश्य ठसलेले आहे ते डोळ्यांनी पाहायचे असेल, तर १५ ते २८ एप्रिलच्या दरम्यान तिथे असणे सर्वांत सुरक्षित समजावे.

ही शेते प्रामुख्याने आहेत ती हार्लेम आणि लायडन या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात. समुद्रालगतच्या वाळूच्या टेकड्यांमागे हलकी, निचरा होणारी जमीन आहे आणि तिच्यात कंद कुजत नाहीत, म्हणून हा व्यवसाय इथे रुजला. नकाशा उघडला तर लक्षात येईल की या पट्ट्याच्या उत्तर टोकाला हार्लेम आहे, दक्षिण टोकाला लायडन आहे, ॲमस्टरडॅम थोडे बाहेर पडते आणि युट्रेख्ट बरेच दूर राहते.

ॲमस्टरडॅमची बाजू आधी मांडतो, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला ते टाळावेसे वाटणार नाही आणि वाटूही नये. राइक्सम्युझियम, व्हॅन गॉग संग्रहालय आणि ॲन फ्रँकचे घर ही तीन ठिकाणे जवळ हवी असतील, तर ॲमस्टरडॅमला दुसरा पर्याय नाही. ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे दर मंगळवारी, सहा आठवडे पुढच्या तारखांसाठी, फक्त संकेतस्थळावर मिळतात आणि लगेच संपतात, तेव्हा सहलीची आखणी तिथून सुरू करणे भाग पडते. वसंताचा विचार केला तर शहराच्या दक्षिणेला ॲमस्टरडॅमसे बोस या विस्तीर्ण वनोद्यानात चेरीची ४०० झाडे आहेत. ती तिथल्या जपानी महिला मंडळाने २००० साली भेट दिली आणि प्रत्येक झाडाला एका स्त्रीचे नाव आहे, निम्मी नावे डच आणि निम्मी जपानी. एप्रिलच्या सुरुवातीला, ट्युलिप अजून मिटलेले असताना, हा गुलाबी बहर पाहण्यासारखा असतो. मात्र खर्चाचा विचार आधी करावा. निवासाच्या भाड्यावर ॲमस्टरडॅम महापालिका १२.५ टक्के पर्यटक कर घेते आणि एप्रिलमधले मूळ भाडेही आधीच चढलेले असते. सिंगल कालव्यावरच्या प्रसिद्ध फूलबाजाराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिथे ताज्या फुलांपेक्षा कंद आणि भेटवस्तूच अधिक असतात, आणि कंद भारतात आणायला वनस्पती संगरोध नियमांनुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. त्यातून ते आणलेच, तरी ट्युलिपच्या कंदाला फुलण्याआधी कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते, जी मुंबई-पुण्याच्या कुंडीत मिळणार नाही.

आई-बाबांना किंवा लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना मी लायडनच सुचवीन. स्किपोल विमानतळावरून आगगाडीने पंधरा-वीस मिनिटांत लायडन येते, त्यामुळे मुंबईहून रात्रभराचा प्रवास करून आलेल्या ज्येष्ठांना आणखी तासभर ताटकळावे लागत नाही. स्थानकाबाहेरून हंगामात क्युकेनहॉफची विशेष बस सुटते आणि ती अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते. उद्यान सकाळी आठला उघडते. तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते आणि ते आधीच घ्यावे लागते. पहिल्या वेळेचे तिकीट काढले तर दहा वाजेपर्यंतचे दोन तास खऱ्या अर्थाने आपले असतात. आम्ही आईला घेऊन गेलो तेव्हा ती एका बाकावर बसून राहिली आणि माळी वाफ्याच्या कडेचे गवत कातरत होता, त्या कात्रीचा आवाजही स्पष्ट ऐकू येत होता. अकरानंतर त्याच बाकापाशी छायाचित्रासाठी रांग लागली होती.

लायडनचा दुसरा मोठेपणा इतिहासाचा आहे. इथल्या विद्यापीठाचे वनस्पती उद्यान १५९० मध्ये स्थापन झाले. १५९३ मध्ये कॅरोलस क्लुसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे आला, येताना त्याने ट्युलिपचे कंद आणले आणि १५९४ च्या वसंतात ते त्या बागेत फुलले. मूळचे मध्य आशियातले आणि तुर्कस्तानातून युरोपात आलेले हे फूल या देशाची ओळख बनले, त्याची सुरुवात आजही पायी फिरता येईल एवढ्या या बागेत झाली. गर्दी क्युकेनहॉफच्या मानाने अगदीच थोडी असते. शहर सपाट आणि आटोपशीर आहे, कालव्याकाठी बाके आहेत आणि भिंतींवर जगातल्या अनेक भाषांमधल्या कविता मोठ्या अक्षरांत रंगवलेल्या आहेत. जेवणाचा प्रश्नही इथून सोपा होतो. लायडनहून हेग आगगाडीने पंधरा मिनिटांच्या आत आहे आणि तिथे सुरिनामहून आलेल्या, मूळ भोजपुरी भागातल्या हिंदुस्थानी लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या उपाहारगृहात रोटी, बटाट्याची भाजी आणि चवळीच्या शेंगा असे शाकाहारी ताट सहज मिळते. चार दिवस चीज-ब्रेड खाऊन कंटाळलेल्या आईच्या चेहऱ्यावर ती रोटी पाहून जे समाधान दिसले, ते मला अजून आठवते.

लायडनला एक उणीव मात्र आहे, ती सायकलवाल्यांसाठी. या पट्ट्यात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. लायडनहून उत्तरेकडे शेतांत जाताना तो पाठीशी असतो आणि पाय हलके वाटतात, पण परतताना, नेमके थकल्यावर, तोच वारा छातीवर घ्यावा लागतो. हार्लेमहून निघाले की हिशेब उलटतो, म्हणजे ताज्या दमाने जाताना वाऱ्याशी झगडावे लागते आणि संध्याकाळी परतताना वाराच घरी आणून सोडतो. सायकल हाच ज्यांच्या सहलीचा गाभा आहे, त्यांनी केवळ या कारणासाठी हार्लेम निवडावे. सपाट प्रदेशात वारा हाच चढ असतो, हे तिथे पहिल्याच दिवशी कळते.

हार्लेमहून हेमस्टेडे, बेनेब्रुक, हिलेगोम असे करत लिसपर्यंतचा रस्ता साधारण पंधरा ते वीस किलोमीटरांचा आहे आणि बहुतेक ठिकाणी स्वतंत्र सायकलमार्ग आहे. चौकाचौकांत क्रमांक लिहिलेल्या पाट्या असतात. निघण्यापूर्वी ते क्रमांक ओळीने कागदावर उतरवून घेतले की नकाशा पाहावा लागत नाही. भाड्याच्या पुष्कळशा सायकलींना हातात ब्रेक नसतो, पायडल मागे फिरवले की चाक थांबते. आपल्याकडे उतारावर पायडल सहज मागे फिरवण्याची सवय असते आणि त्या सवयीने पहिल्या दहा मिनिटांत दोनदा तरी सायकल जागच्या जागी उभी राहते. म्हणून गर्दीच्या रस्त्यावर येण्याआधी एखाद्या गल्लीत सराव करून घ्यावा.

हायसिंथची शेते दिसण्याआधी वासाने कळतात. गारव्यात तो गोड, जड दरवळ निशिगंधाच्या जवळ जातो, आणि निशिगंधही कंदातूनच उगवतो हे तेव्हा हटकून आठवते. रस्त्याच्या कडेला काही ठिकाणी फुलांचे जाडजूड हार विकायला टांगलेले असतात आणि लोक ते विकत घेऊन मोटारीच्या तोंडाला बांधतात. दसऱ्याला गाडीला हार घालणाऱ्या माणसाला परक्या देशात हे दृश्य पाहून किती आपलेपणा वाटतो, ते तिथे गेल्यावरच कळेल. शेतात मात्र पाऊल ठेवू नये. बुटांबरोबर रोग एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो आणि तुडवलेला कंद वर्षाचे उत्पन्न बुडवतो. बांधावरून काढलेले छायाचित्रही तितकेच चांगले येते.

एप्रिलमधल्या एका शनिवारी नॉर्डवाइकहून हार्लेमपर्यंत, सुमारे ४२ किलोमीटर, फुलांनी मढवलेल्या चित्ररथांची मिरवणूक निघते आणि रविवारी ते चित्ररथ हार्लेममध्ये उभे असतात. तारीख दरवर्षी बदलते, तेव्हा ती पाहूनच विमानाचे तिकीट काढावे. हार्लेममध्ये राहणाऱ्याला त्या दिवशी प्रवासाची चिंता उरत नाही. पाऊस आला तर १७८४ पासून सुरू असलेले टेलर्स हे देशातले सर्वांत जुने संग्रहालय आहे, आणि सेंट बाव्हो चर्चमध्ये १७३८ मध्ये पूर्ण झालेला तो भव्य ऑर्गन आहे, जो दहा वर्षांच्या मोझार्टने १७६६ मध्ये वाजवला होता. ॲमस्टरडॅमही आगगाडीने वीस मिनिटांच्या आत येते, त्यामुळे संग्रहालयांसाठी एक दिवस तिकडे काढता येतो. संग्रहालये आणि शेते दोन्ही हवी असतील, तर हार्लेममध्ये राहून ॲमस्टरडॅम पाहणे हे ॲमस्टरडॅममध्ये राहून शेते पाहण्यापेक्षा केव्हाही सोयीचे, असे मला वाटते.

२७ एप्रिल हा राजाचा वाढदिवस आहे आणि ती तारीख सहलीत येत असेल तर वेगळा विचार करावा लागतो. (रविवार आला तर तो २६ तारखेला साजरा होतो.) त्या दिवशी सारा देश नारिंगी कपड्यांत रस्त्यावर उतरतो आणि कोणीही पदपथावर जुन्या वस्तू मांडून विकू शकतो. ॲमस्टरडॅमचा मध्यभाग तेव्हा माणसांनी इतका भरतो की मुलांना घेऊन चालणे अवघड होते. व्होंडेलपार्क मात्र मुलांच्या बाजारासाठी राखलेले असते, तिथे लहान मुले आपली खेळणी विकतात आणि व्हायोलिन वाजवून नाणी जमवतात. या उत्सवासाठी माझी पसंती युट्रेख्टला आहे. तिथला जुना बाजार आदल्या संध्याकाळी सहालाच भरतो आणि रात्रभर चालतो. एप्रिलअखेर सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे कालव्याच्या पातळीवरच्या जुन्या तळघरांसमोर, पाण्याला लागून बसून ती संध्याकाळ निवांत पाहता येते.

ट्युलिपसाठी मात्र युट्रेख्ट गैरसोयीचे आहे. क्युकेनहॉफला जाऊन-येऊन तीन तास सहज मोडतात. ज्यांनी ट्युलिप एकदा पाहिले आहेत, त्यांच्यासाठी ते उत्तम ठरते, कारण त्याच्या दक्षिणेला बेतुवे हा फळबागांचा प्रदेश आहे आणि एप्रिलच्या उत्तरार्धात तिथे सफरचंद, नासपती आणि चेरी फुललेली असतात. युट्रेख्टहून अर्ध्या तासाच्या आत गेल्डरमाल्सन येते, तिथून लिंगे नदीच्या बांधावरून सायकलने किंवा पायी निघावे. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला पांढरा बहर आणि वाटेत भेटणारे बहुतेक स्थानिक लोक, असा तो दिवस जातो. युट्रेख्ट शहरातल्या ११२ मीटर उंच डोम मनोऱ्याच्या ४६५ पायऱ्या ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनीच चढाव्यात.

कुठेही राहिलात तरी एप्रिलमध्ये दुपारचे तापमान सरासरी १३-१४ अंशांच्या आसपास आणि पहाटेचे चार-पाच अंशांवर असते, तेव्हा वारा अडवणारे जाकीट छत्रीपेक्षा उपयोगी पडते. आगगाडी आणि बससाठी बँकेचे संपर्करहित कार्ड चालते, पण प्रत्येक प्रवाशाचे कार्ड वेगळे हवे आणि उतरतानाही ते यंत्राला लावायला हवे. ४ मे रोजी रात्री आठ वाजता युद्धातील मृतांसाठी दोन मिनिटे सारा देश स्तब्ध उभा राहतो. त्या वेळी बाहेर असाल, तर बोलणे थांबवून तुम्हीही उभे राहा.