वॉर्डातल्या सिस्टरांना पॅलिएटिव्ह केअरच्या वर्गाला पाठवावे का?

एकाच वॉर्डातून दोन-तीन सिस्टर प्रशिक्षणाला सोडायच्या म्हणजे रोस्टरची ओढाताण ठरलेलीच. त्यामुळे एखादा वर्ग त्या ओढाताणीच्या मोलाचा आहे की नाही, हे इन्चार्ज सिस्टरला आधी कळलेले बरे. एका धर्मादाय संस्थेने परिचारिका, निवासी डॉक्टर आणि समाजसेवा विभागातील कर्मचारी यांच्यासाठी घेतलेल्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाच्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या काळजीच्या, तीन दिवसांच्या प्राथमिक वर्गाचे हे परीक्षण आहे. पुढे काही तक्रारीही केल्या असल्याने संस्थेचे नाव दिलेले नाही. शुल्क नाममात्र होते, जेवण साधे पण वेळेवर होते, आणि शिकवणे बव्हंशी मराठीत होते, ही या वर्गाची मोठीच सोय म्हणावी लागेल.

पहिला दिवस वेदनाशमनाचा होता आणि तो उत्तम झाला. मॉर्फिनची गोळी रुग्णाने मागेपर्यंत थांबून नव्हे, तर घड्याळ पाहून दर चार तासांनी द्यायची, झोपताना दुप्पट मात्रा दिली की मध्यरात्री उठवावे लागत नाही, आणि बद्धकोष्ठाचे औषध त्रास सुरू झाल्यावर नव्हे तर पहिल्या गोळीबरोबरच सुरू करायचे, या गोष्टी पुस्तकात असतात. येथे त्या केस पेपरवर लिहायला लावल्या. रुग्णाला दर चार तासांनी १० मिलिग्रॅम चालू आहे आणि त्याशिवाय दिवसभरात १० मिलिग्रॅमच्या तीन जादा मात्रा लागल्या, तर एकूण ९० मिलिग्रॅम झाले, ते दिवसाच्या सहा मात्रांत वाटून उद्यापासून दर वेळी १५ मिलिग्रॅम, असा हिशेब प्रत्येकीकडून कागदावर करून घेतला. मॉर्फिनने श्वास बंद पडेल, रुग्णाला चटक लागेल, ही वर्षानुवर्षे मनात धरलेली भीती अशा गणिताने जितकी कमी होते तितकी व्याख्यानाने होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची १९८६ची वेदनाशमनाची शिडी, म्हणजे साध्या वेदनाशामकापासून मॉर्फिनपर्यंत पायरीपायरीने जाण्याची पद्धत, मात्र जणू आजही शेवटचा शब्द असावा तशी शिकवली गेली; संघटनेच्याच २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत तिचे स्थान पूर्वीसारखे राहिलेले नाही, एवढे तरी सांगायला हवे होते.

एवढे शिकून वॉर्डात परतल्यावर औषधच नसेल तर काय, हा प्रश्न आमच्यापैकीच एकीने विचारला. अमली पदार्थविषयक १९८५च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, मॉर्फिनसह सहा औषधे अत्यावश्यक अमली औषधांत आली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला निरनिराळ्या परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरेशी झाली, हे उत्तर बरोबर होते. पण तो अर्ज कोणी करायचा, साठ्याची नोंदवही कोणी ठेवायची, हे औषधनिर्मात्यांशिवाय ठरत नाही आणि त्यांना वर्गाला बोलावलेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवसातील संवादाच्या सरावासाठी मी या वर्गाला पुन्हाही जाईन. वाईट बातमी सांगण्याची स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत फळ्यावर लिहून झाली आणि लगेच खुर्च्या मांडून प्रसंग सुरू झाले. एक सिस्टर मुलगा झाली आणि दारातच अडवून म्हणाली, “सिस्टर, बाबांना कॅन्सर हा शब्द कळता कामा नये, ते हाय खातील.” समोरच्या सिस्टरने सवयीने “बरं, नाही सांगत” म्हटले तेव्हा प्रशिक्षिकेने प्रसंग थांबवला, आणि मुलाला आधी “बाबांना सध्या काय वाटतंय, ते काही विचारतात का?” असे विचारायला लावले. “ते रोज विचारतात, मीच विषय बदलतो,” हे उत्तर त्या मुलगा झालेल्या सिस्टरच्या तोंडून आपसूक आले आणि वर्ग गप्प झाला. नातेवाइकांशी वाद घालायचा नाही, त्यांचा शब्द मोडायचा नाही, पण रुग्णाने सरळ विचारल्यावर खोटेही बोलायचे नाही, ही तारेवरची कसरत मराठी घरांत कशी करायची, हे इंग्रजी व्हिडिओ पाहून येत नाही. “काही होत नाही, धीर धरा” हे वाक्य दिवसभर वर्ज्य होते. ते न बोलता दोन मिनिटे बसणे अनुभवी सिस्टरांनाही किती जड गेले, हे पाहण्यासारखे होते.

तोंडाच्या कर्करोगाच्या जखमांवरील तास थोडक्यात पण कामाचा झाला. दुर्गंधीसाठी मेट्रोनिडाझोल या जंतुविरोधी औषधाच्या गोळ्यांची बारीक पूड करून ड्रेसिंगमध्ये वापरणे स्वस्त आहे आणि घरीही जमते.

माझी खरी तक्रार तिसऱ्या दिवसाबद्दल आहे. अखेरच्या काही तासांतील काळजी हा या विषयाचा गाभा, पण तो जेवणानंतरच्या एका तासात उरकला, कारण सकाळचा वेळ उद्घाटनाला न आलेल्या पाहुण्यांच्या भाषणाला दिला गेला. घशातील घरघर ऐकून सक्शन (स्राव ओढून घेणारी नळी) लावण्याची घाई करण्यापेक्षा रुग्णाला कुशीवर वळवावे, दर तासाचा बीपी आणि साखर तपासणे आता कशासाठी, हे डॉक्टरांना विचारावे, शीर सापडत नसेल तर त्वचेखालून औषध देता येते, हे सारे सांगितले. प्रात्यक्षिक एकाचेही झाले नाही. अपवाद एकच. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात घरची माणसे चमच्याने गंगाजल घालतात आणि ते श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो, तेव्हा सिस्टर ओरडते आणि घरच्यांच्या मनाला ते कायमचे लागते. प्रशिक्षिकेने त्याऐवजी ओल्या गॉझने ओठ व जीभ पुसून, त्याच पाण्यात भिजवलेले तुळशीचे पान ओठांना लावायला मुलीच्याच हाती दिले. असे आणखी चार प्रसंग हवे होते.

सन्मानाने मरण्याच्या हक्काविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१८च्या निकालाबद्दल आणि जानेवारी २०२३मध्ये त्याची प्रक्रिया सोपी झाल्याबद्दल दोन स्लाइड होत्या. अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारे वैद्यकीय इच्छापत्र आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते आणि उपचार थांबवण्याचा निर्णय दोन वैद्यकीय मंडळांकडून जातो, हे समजले. परंतु रात्रपाळीत नातेवाईक “आता काही करू नका” म्हणाले, तर सिस्टरने कोणाला कळवावे आणि केस पेपरवर नेमके काय लिहावे, या प्रश्नाला “तुमच्या रुग्णालयाचे धोरण पाहा” एवढेच उत्तर मिळाले. बहुतेक रुग्णालयांत असे धोरणच नसते.

वर्गानंतरचा पाठपुरावा जवळजवळ शून्य आहे. व्हॉट्सअॅप गट केला गेला. आता त्यावर सणांच्या शुभेच्छा येतात. पाठवायचे असेल तर एकटी सिस्टर पाठवू नये, एकाच वॉर्डातील दोघी आणि त्याच वॉर्डाचा निवासी डॉक्टर असे तिघे एकत्र पाठवावेत, म्हणजे परतल्यावर मात्रा वाढवण्याची गोष्ट काढणारी आणि ती लिहून देणारा दोघेही एकाच वर्गातून आलेले असतील. अतिदक्षता विभागातील कर्मचाऱ्यांना हा वर्ग अपुरा वाटेल. मेडिसिन, सर्जरी आणि कर्करोग वॉर्डांसाठी घ्यावा. नोंदणी करतानाच नर्सिंग कौन्सिलचे क्रेडिट तास मिळणार का, हे लेखी विचारून घ्यावे, कारण आम्हाला ते अजून मिळालेले नाहीत.